हातानं चालवायची मोटार

भाड्याची खोली पाहायला गेलो त्याच दिवशी माझ्या घरमालकांनी मला ग्रेड लावला. मी दारात उभा होतो, हातात बॅग आणि अंगात नागपूरहून खास शिवून आणलेला काळा कोट. ते ओसरीवर खुर्चीत बसले होते. "या जवळ," म्हणाले. मी गेलो. कोटाच्या खांद्याच्या शिवणीतून आतला कापूस थोडा बाहेर आला होता. त्यांनी तो दोन बोटांत धरून ओढला, उजेडात धरला, गालाला लावून पाहिला आणि म्हणाले, "कवडी."

कवडी म्हणजे कापसातला शेवटचा माल. पिवळा, किडका, बोंडातच सडलेला. मला वाटलं कोटाबद्दल बोलतायत. पुढे त्यांच्या घरात काही वर्षं काढल्यावर हळूहळू लक्षात आलं की ते कोटापुरतं नव्हतं.

ते बाभुळगावच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. तेव्हा आमच्या भागातला सगळा कापूस सरकारच घ्यायचं. केंद्रापुढे बैलबंड्यांची रांग लागायची, बैल सोडून माणसं बंडीखालीच मुक्काम ठोकायची, आणि शेवटी ग्रेडर येऊन कापसात हात घालून एक शब्द बोलायचा. सुपर, मधला एफएक्यू, नाहीतर कवडी. त्या शब्दावर भाव ठरायचा आणि भावावर घरातलं लग्न ठरायचं. त्यामुळे ग्रेडर दिसला की माणसं आधी त्याची बोटं बघायची आणि मग तोंड.

बाकीचे ग्रेडर बंडीच्या वरून मूठभर कापूस उचलत. आमचे साहेब बंडीला टेकून कोपरापर्यंत हात आत घालत. "वरचा कापूस पाहुण्याले दाखवाचा असते, वकीलसाहेब," ते मला सांगत. "घरचा कापूस खाली असते." एकदा त्यांचा सख्खा साळा बंडी घेऊन आला. त्याने वजन वाढावं म्हणून खालच्या थरावर पाणी मारून आणलं होतं. साहेबांनी आतला कापूस गालाला लावला आणि चारचौघांत विचारलं, "काहून रे, कापूस रडून राह्यला का?" साळा बंडी घेऊन परत गेला. काकूंनी, म्हणजे साहेबांच्या बायकोने, नवऱ्याशी बोलणं टाकलं. साहेब रोज जेवताना "आज भाकर सुपर झाली" म्हणून सुरुवात करून पाहायचे, आणि काकू भांडी आपटून उत्तर द्यायच्या.

ग्रेड लावायची सवय त्यांना केंद्रावर ठेवून येता येत नसे. सोयरीक, भाषण, चहा, नवीन तहसीलदार, कशालाही ग्रेड लागायचा. जास्त बोलणाऱ्या माणसाबद्दल ते एकच वाक्य बोलत: "सरकी जास्त, रुई कमी." हे वाक्य माझ्या वाट्याला इतक्या वेळा आलं की पुढे पुढे मी बोलायला तोंड उघडलं की काकूच हसायच्या.

आणि माझं बोलणं तेव्हा भरपूर होतं. मी वकिली शिकून आलो होतो, कोर्टात उभं राहायची भीती वाटत होती, म्हणून कर सल्लागार झालो होतो. साहेबांच्या घराची पुढची खोली माझं ऑफिस. पाटी रंगवायला घेतली तेव्हा 'इन्कम टॅक्स, सेल्स टॅक्स' लिहून झाल्यावर पेंटर म्हणाला, "साहेब, अजून जागा उरली. एखादा टॅक्स सांगा ना." मी सांगितलं, कस्टम्स. बाभुळगावात समुद्र नाही, बंदर नाही, विमानतळ नाही. एस.टी. स्टँड आहे. तिथे परदेशातून काही उतरल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. त्यामुळे हा विषय मला येत नाही हे कोणाला कळण्याची शक्यता नव्हती. पाटी दिसायला मात्र भरगच्च झाली.

साहेबांचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला होता. पायाला बांधायचं लोखंडी कॅलिपर आणि कुबडी यावर ते चालत. हे मी सरळ लिहितोय, पण त्यांच्या वस्तीत हे कोणी असं सरळ बोलत नसे. धर्मांतरानंतर वस्तीतून शिकून नोकरीला लागलेली जी पहिली काही माणसं, त्यातले ते एक. ज्याचा मान राखायचा त्याचं व्यंग तोंडावर घ्यायचं नाही, आणि पाठीमागेही घ्यायचं नाही, हा तिथला न सांगितलेला नियम होता. विहारात सभा असली आणि साहेब यायचे असले की सभा उशिरा सुरू व्हायची. का, असं विचारलं तर लोक म्हणत, "साहेब येऊन राह्यले." इतकंच. शेजारच्या पंचफुलाबाई तर त्यांच्याहून मोठ्या, त्यांना कडेवर खेळवलेल्या, पण त्यांच्याही तोंडून पायाचा 'प' मी कधी ऐकला नाही.

साहेब स्वतः मात्र पायावर बिनदिक्कत बोलायचे. त्यांना चीड होती ती दुसऱ्याच गोष्टीची. एस.टी.त चढताना कंडक्टर मागून काखेत हात घालून त्यांना उचलायचा. प्रेमाने उचलायचा, "चला साहेब" म्हणून उचलायचा, पण उचलायचा. "मी काय कापसाची गठाण हाये का?" ते घरी येऊन म्हणायचे. "उचलली, ठेवली. मानसाले विचाराले नको?" मी सहानुभूती म्हणून मान हलवायचो आणि दुसऱ्या दिवशी ते पायरी उतरताना माझाच हात त्यांच्या काखेकडे जायचा. ते कुबडीने माझा हात बाजूला करायचे. आमच्या नात्यात बराच काळ हा एकच शारीरिक संपर्क होता.

मग कापसाचे दिवस फिरले. सरकारची खरेदी आवरत आली, खाजगी व्यापारी दारोदार फिरू लागले, केंद्रं एकेक करून बंद पडू लागली. गावात कापसाशिवाय दुसरं बोलायला काही नव्हतं, आणि कापसावर बोलायचं तर माणसं गप्प बसत. बाभुळगावचं केंद्र बंद झालं. साहेबांना सांगण्यात आलं, नेरच्या केंद्रावर हजर व्हा, जमत नसेल तर स्वेच्छानिवृत्ती घ्या. नेरला जायचं म्हणजे यवतमाळला एक गाडी बदलायची. जाताना दोन वेळा उचलून घ्यायचं, येताना दोन वेळा. साहेबांनी पंधरवडाभर करून पाहिलं. एका संध्याकाळी घरी येऊन कुबडी ओसरीवर फेकली आणि म्हणाले, "नोकरी सोडतो. गठाण व्हाले आपन नाही जन्मलो." काकूंनी साळ्याच्या प्रकरणानंतर प्रथमच त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली, ती रडूनच.

साहेबांची धाकटी बहीण विलायतेत नर्स होती. ती ज्या म्हाताऱ्या गोऱ्या रुग्णाची सेवा करायची त्याचेही पाय अधू होते, आणि त्याच्याकडे केवळ हातांनी चालवायची मोटार होती. म्हातारा मरताना मोटार हिच्या नावे करून गेला. तिने फोनवर हे सांगितलं, भाऊ नोकरी सोडतोय हे ऐकलं, आणि मोटार थेट जहाजावर चढवून दिली. विचारलं कोणाला नाही. त्या घराण्यात विचारायची पद्धत नव्हती.

साहेब माझ्या ऑफिसात आले. पाटीकडे कुबडीने बोट दाखवल्यासारखं केलं. "हे कस्टम्स मंजे बंदरावरचंच ना?"

"हो."

"तुमाले येते?"

"म्हणजे काय!" मी म्हणालो.

आजही त्या 'म्हणजे काय'चा मला अभिमान वाटतो. इतकं निर्भेळ अज्ञान इतक्या आत्मविश्वासाने मी पुन्हा कधी उच्चारलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने नागपूर गाठलं आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानातून सीमाशुल्कावरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. ते उघडल्यावर कळलं की ते जहाजांविषयी होतं. मग ओळखीच्या ओळखीने मुंबईच्या एका एजंटाला फोनवर गाठून सगळं विचारून घेतलं, आणि साहेबांसमोर ते पुस्तक मांडीवर घेऊन, त्यातूनच वाचतोय असं दाखवत, सांगायला बसलो.

बाहेरून आणलेल्या मोटारीवर जबर शुल्क. इतकं, की भरायचं तर साहेबांना घर विकावं लागलं असतं. घर विकलं तर मी कुठे राहणार, हा विचार मला आधी सुचला आणि साहेबांचा नंतर, हेही सांगून टाकतो. पण अपंग माणसाने स्वतःसाठी, खास तशी बनवलेली मोटार आणली तर शुल्कात मोठी सवलत होती. मात्र सवलत नाकारायलाही कारणं तयार होती. मोटार साधी असेल आणि इथे आल्यावर हाताने चालवायचे दांडे बसवणार असाल, तर नाही. माणूस पुरेसा अपंग नसेल, तर नाही. माणूस इतका अपंग असेल की त्याला ती चालवताच येणार नाही, तरी नाही. पुढे मोटार विकली, भाड्याने दिली, धंद्याला लावली, दुसऱ्याला चालवायला दिली, तर दिलेली सवलतही काढून घेणार.

साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. "मंजे लंगडा पाह्यजे, पन भलता लंगडा नको."

"तसंच म्हणा."

"मंग हे ग्रेडिंगच झालं का नाही? एफएक्यू लंगडा." ते खूश झाले. त्यांच्या मते प्रथमच कोणीतरी माणसांच्या बाबतीत नीट कायदा केला होता.

प्रमाणपत्रासाठी आम्ही यवतमाळला डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर दयाळू होते. त्यांना सवलतीचं माहीत होतं. पाय तपासून त्यांनी अपंगत्वाचा आकडा सढळ हाताने लिहिला. साहेबांनी कागद वाचला आणि परत टेबलावर ठेवला.

"डॉक्टरसाहेब, वरचा ग्रेड लावून राह्यले तुमी."

"असू द्या हो. तुमच्या फायद्याचं आहे."

"फायद्याचं हाये म्हनूनच म्हनतो. इतका नाही गेला पाय. कमी करा."

मी टेबलाखालून त्यांना लाथ मारली. माझा अंगठा कॅलिपरच्या लोखंडावर बसला. डॉक्टरांनी हसत आकडा कमी केला, तो अगदी सवलतीच्या काठावर आला, आणि मी आठवडाभर लंगडत राहिलो. वस्तीत माझ्या लंगडण्याची मात्र सगळ्यांनी तोंड भरून चौकशी केली. पंचफुलाबाईंनी तर हळद गरम करून आणली आणि सगळ्या बायांना हाक मारून दाखवलं, "पाहा वो, वकीलबाबूचा पाय पाहा कसा झाला!" माझा मान राखायचं त्यांच्यावर काही बंधन नव्हतं.

काठावरच्या आकड्यावर कोणाचाही डोळा जातोच. मोटार बंदरात पडून राहिली आणि कळवण्यात आलं की नागपूरहून एक अधिकारी प्रत्यक्ष चौकशीला येतील. अर्जदार खरोखर अपंग आहे का, आणि हाताने गाडी चालवण्याइतका सक्षम आहे का, दोन्ही पाहतील. मोटार येतेय म्हणून साहेबांनी नोकरी न सोडता नेरच्या केंद्रावर रजा टाकली होती, तीही संपत आली होती. चौकशीत नाही म्हटलं गेलं असतं तर मोटार गेली, मोटार गेली की नेर गेलं, आणि नेर गेलं की नोकरी गेली, हे आता वस्तीत लहानथोर सगळ्यांना पाठ होतं.

आता मी माझी खरी कामगिरी सांगतो. चौकशीच्या आदल्या संध्याकाळी विहारात लोकांना जमवलं आणि भाषण केलं. कायदा समजावला, पुस्तक हलवून दाखवलं. साहेब गाडी विकणाऱ्यातले नाहीत, सचोटीचे आहेत, एवढं अधिकाऱ्याच्या कानावर जावं असा माझा हेतू होता. भाषण लांबलं. शेवटी सगळ्यांच्या चेहऱ्यावर काही पोचल्याची खूण दिसेना, तेव्हा मी थोडक्यात सांगितलं, "उद्या साहेब आले की आपल्या ग्रेडरसाहेबांबद्दल चांगलं बोला. फक्त चांगलं." हे मात्र सगळ्यांना समजलं. माना हलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. अधिकारी मध्यमवयीन, शांत, चष्म्यातला माणूस. अंगण माणसांनी भरलेलं. साहेब ओसरीवर खुर्चीत, स्वच्छ पांढरा पायजमा, आत कॅलिपर. अधिकाऱ्यांनी कागद चाळले आणि लोकांकडे वळून विचारलं, "तुम्ही यांना किती वर्षांपासून ओळखता?"

"वळखता?" पंचफुलाबाई पुढे झाल्या. "माह्या कडेवर वाढलं लेकरू ते."

"बरं. यांना चालायला काय त्रास आहे?"

पंचफुलाबाईंच्या कपाळाला आठी पडली. भर अंगणात, परक्या माणसाने, साहेबांच्या तोंडावर हे विचारलं होतं. "त्रास? कायचा त्रास? वाघासारखा चालते मानूस!"

मी जोरात खोकलो.

"पण पायाला काही..."

"पायाले काय झालं बाप्पा? दोन पाय हायेत, चांगले हायेत. तुमाले कोनं सांगतलं हे?"

विहाराचे अध्यक्ष पुढे आले. त्यांना वाटलं बाईमाणसाची साक्ष पुरेशी नाही. "साहेब, मागं नागपूरले पायी गेलते हे. आमी थकून बसलो रस्त्यात. हे नाही थकले."

"आमच्या लग्नात नाचलते," मागून कोणी म्हणालं.

अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र पाहिलं, लोकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी वकील असल्यामुळे अशा वेळी बोलणं माझं कर्तव्य होतं. "सर," मी म्हणालो, "हे सगळे खोटं बोलतायत."

ते वाक्य अजून आठवलं की माझे कान तापतात. "कोन खोटं?" पंचफुलाबाई माझ्या अंगावर आल्या. "काल तूच म्हनला ना, चांगलं बोला म्हनून? आता खोटं मंते का? भाडेकरू हायेस, भाडेकरूसारखा राह्य!" अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर 'काल तूच म्हनला' हे शब्द उमटलेले मला स्पष्ट दिसले. चांगला जमलेला खटला एका वाक्यात बुडवायला काही वकिलांना वर्षानुवर्षांचा सराव लागतो. मला पहिल्याच दमात जमलं.

"लोकायनं वरचा कापूस दाखवला, साहेब," खुर्चीतून आवाज आला. "त्यायची काई चूक नाही. तुमी पाहुने हा. खालचा मी दाखवतो."

त्यांनी कुबडी काकूंच्या हातात दिली. वाकून पायजम्यावरूनच चाचपत पट्टे सोडले, खालून कॅलिपर ओढून काढलं आणि खुर्चीशेजारी उभं करून ठेवलं. मग दोन्ही हात टेकून ते ओसरीवरून खाली अंगणात उतरले, आणि हातांवर सरकत निघाले. डावा पाय मागून मातीतून ओढला जात होता. पांढरा पायजमा क्षणात मळला. त्या वस्तीत त्यांना असं कोणी पाहिलेलं नव्हतं. काकूंनीही चारचौघांत कधी पाहिलं नसेल. लोकांनी वाट दिली आणि एकेकाने तोंड भिंतीकडे फिरवलं. पंचफुलाबाईंनी पदर डोळ्यांवर घेतला. बघत राहिलो ते आम्ही दोघंच, अधिकारी आणि मी. ते त्यांच्या कामासाठी बघत होते. मला मान फिरवायचंही सुचलं नाही.

"पुरे, साहेब," अधिकारी म्हणाले. "मला कळलं."

"अर्धी बंडी पाहून ग्रेड लागत नाही."

ते जीपपर्यंत गेले. दाराची कड एका हाताने धरली, दुसऱ्याने आतली सीट, आणि स्वतःला वर ओढलं. दंडाच्या शिरा दोरखंडासारख्या टरारल्या. माझा हात सवयीने पुढे गेला. "हात लावू नका!" साहेब असे ओरडले की माझ्याबरोबर अधिकारीसुद्धा एक पाऊल मागे सरले. ते ड्रायव्हरच्या जागेवर बसले. श्वास लागला होता. मातीचे हात त्यांनी पायजम्याला पुसले आणि स्टिअरिंगवर ठेवले.

"पाय पाह्यला. हात पाह्यले. आता लावा ग्रेड."

साहेब जसे चढले तसेच उतरले, तसेच ओसरीपर्यंत आले, कॅलिपर बांधलं, पायजमा झटकला आणि काकूंना म्हणाले, "साहेबाले चहा द्या." चहा होईपर्यंत अधिकाऱ्यांनी खुर्ची ओढून समोरासमोर बसून कागद पूर्ण केला. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही यांचे सल्लागार?"

"हो."

"कस्टम्सच्या किती केसेस केल्या आजवर?"

"ही धरून?" मी विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जीपमध्ये जाऊन बसले.

सवलत मिळाली. मोटार ट्रकवर बसून बाभुळगावात आली. चहाच्या रंगाची, बुटकी, म्हाताऱ्याच्या तंबाखूचा वास असलेली. स्टिअरिंगच्या बाजूला एक दांडा होता. आपल्याकडे ओढला की गाडी पळायची, पुढे ढकलला की थांबायची. साहेब चार दिवसांत शिकले. मला दोन धड पाय असून आजही कोणतीच गाडी चालवता येत नाही.

त्या हंगामात ते रोज एकटे नेरला गेले आणि एकटे परत आले. संध्याकाळी गाडी वळणावर दिसली की पंचफुलाबाई अंगणातूनच ओरडायच्या, "आले वो साहेब, पायी पायी!" वस्तीने आपला शब्द मागे घेतलेला नव्हता.

पुढच्या हंगामात नेरचं केंद्रही बंद झालं आणि साहेबांना घरी बसवण्यात आलं. मला वाटलं आता मोटार अंगणात उभी राहणार. पण ते सकाळी गाडी काढतच राहिले. बाभुळगाव ते नेर, कधी त्याच्याही पुढे. रस्त्यात कापूस घेऊन निघालेली बंडी दिसली की गाडी बाजूला घ्यायचे. बंडीवाला मूठभर कापूस खिडकीत आणून द्यायचा. "खालचा आन," साहेब म्हणायचे. तो आतून काढून आणायचा. साहेब ओढून, गालाला लावून सांगायचे, "चांगला एफएक्यू हाये. व्यापारी कवडी म्हनन, त बंडी वापस आन." त्या वर्षांत व्यापारी काय वाटेल ते म्हणत होते आणि विचारायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. लोक साहेबांच्या गाडीची वाट बघत थांबू लागले.

फक्त ते कोणाचा चहाही घेत नसत. धंदा केला तर सवलत जाते, असं मी सांगितलं होतं ना. मी म्हणालो, "साहेब, चहा म्हणजे काही धंदा होत नाही."

"कुठं लिहिलं हाये?"

मी पुस्तक उघडून पाहिलं. ते अजूनही जहाजांविषयीच होतं.

एकदा त्यांच्याबरोबर मीही गेलो होतो. नेरच्या अलीकडे एक बाई बंडीजवळ उभी होती. साहेबांनी तिचा कापूस पाहिला, सुपर सांगितला. तिचा चेहरा उजळला. तिने ओच्यातल्या भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा खिडकीतून पुढे केल्या. साहेब नको म्हणाले. तिने आग्रह केला, त्यांनी हात मागे घेतला. "चालत नाही, बाई. गाडीले अट हाये." बाईला राग आला. ती फिरून माझ्या बाजूला आली आणि सगळा ओचा माझ्या मांडीवर रिकामा केला.

"हे वकीलसाहेबाले. यायले त काई अट नाही ना?"

"यायले काहीच अट नाही," साहेब म्हणाले. "यायले कोनी कायलेच पकडू शकत नाही."

गाडी निघाली. रस्ता खराब होता. साहेबांचा एक हात स्टिअरिंगवर, एक दांड्यावर, दोन्ही गुंतलेले. मी शेंगा फोडून खात होतो. गरम होत्या, वास गाडीभर झाला. थोड्या वेळाने पाहिलं तर साहेब समोर पाहत होते, पण नाकपुड्या फुलत होत्या.

"खायच्या का?" मी विचारलं.

"खाले हात कुठं हायेत?"

"मग गाडी थांबवा."

"चांगली चाललेली गाडी कायले थांबवू?" ते म्हणाले. मग जरा थांबून, "आता त्या तुमच्या हायेत. तुमच्याकडून घ्याले अट नाही." आणि नजर रस्त्यावरून न हलवता त्यांनी मान माझ्याकडे किंचित कलती केली आणि तोंड उघडलं.

मला शेंग फोडता येईना. डोळे भरून आले होते आणि फोलपटं नीट दिसत नव्हती. कसेबसे दोन दाणे सोलले आणि त्यांच्या तोंडात ठेवले. ते सावकाश चावत राहिले. समोरून एस.टी. आली, तिला त्यांनी बेताने बाजू दिली, दांडा पुन्हा ओढून घेतला आणि पुन्हा तोंड उघडलं.

"एकेक दाना काय देता, वकीलसाहेब," ते म्हणाले. "मूठभर द्या."